रोलर, अपील आणि मिस्त्री

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रोलर ड्राइव्हच्या पेटंटवरचं अपील’. येतो त्यावर, पण आधी मिर्झापूरला जाऊन येऊ. तरुण मंडळी हसली, का ते कळलं. मी वेबसिरीजबद्दल नाही, भांड्यांबद्दल बोलतोय!

पितळेची उथळ भांडी लेथवर कातायची. पूर्वी भांडं नुसत्या हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला, चिकट लेपाने बसवत, नाहीतर चकच्या जबड्यात धरत. पलीकडून आधार नाही. फिरता फिरता भांडं उडायचं, कामगाराच्या जिवाशी खेळ. मग एकाने समोरून टोकदार टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार, लावून ते दाबून धरलं आणि १९५१ साली पेटंट घेतलं. दुसऱ्यांनी तेच केलं, झाला खटला. अलाहाबादला एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने उभं केलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आडवं केलं. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. टेलस्टॉक जुना, त्याचं काम जुनं, तेव्हा ही वर्कशॉपमधली सुधारणा, शोध नव्हे. आज पेटंटचं आयुष्यच २० वर्षांचं. तिथे पेटंटपासून शेवटचा निकाल यायला २७ लागली.

निकाल मान्य. माझं भांडण त्यातल्या एका कंसाशी आहे. जुना कागद, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेली माहिती, सक्षम कारागिराच्या हातात देऊन बघा, त्याला पुढची पायरी सुचली असती का, ही कसोटी. आणि कंसात काय? कारागीर म्हणजे इंजिनिअर, साधा कामगार नव्हे! अहो, परळ-लालबागच्या गिरण्यांत रिंग फ्रेमचा, म्हणजे सूत कातायच्या यंत्राचा, पुढचा रोलर मागच्यापेक्षा किती जलद फिरवायचा, त्यासाठी कुठलं चाक बदलायचं, हे कुणाला माहीत होतं? फिटरला. इंजिनिअरसाहेब सहीला यायचे. (इथे कुणी साहेब असतील तर माफ करा, पण खाली मान घालून हसताय ते दिसतंय.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, रोलर.

समजा कन्व्हेयर आहे. वर खोकी वाहणारे रोलर, खाली चालता पट्टा, त्याला खालून दाबणारे छोटे रोलर. दाब काढला की खोकं थांबतं. अर्जदार म्हणतो, दाब स्प्रिंगने दिला हा माझा शोध. पेटंट ऑफिस दोन जुने कागद काढतं, एकात पट्टा, दुसऱ्यात स्प्रिंग, आणि अर्ज फेटाळतं. अपिलात भांडायचं ते इथे: हे दोन कागद जोडावेत असं अर्जाच्या तारखेआधी कुणाला का सुचावं? शोध वाचून झाल्यावर सगळंच सोपं दिसतं. शिवाय पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येईल: ज्ञात भागांची नुसती मांडणी, प्रत्येकजण आपापलं जुनंच काम करतोय. तेव्हा खोकं अडल्यावर स्प्रिंगमुळे दाब आपोआप सैल होत असेल, तर ते अर्जातल्या दाव्यातच, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागताय त्या भागातच, लिहा, वर्णनात असून भागत नाही. अँटॉप हिलच्या, म्हणजे मुंबईच्या पेटंट ऑफिसच्या, आदेशावर २०२१ पासून अपील मुंबई उच्च न्यायालयात, मुदत तीन महिने. आणि प्रतिज्ञापत्र कन्व्हेयर बसवणाऱ्या मिस्त्रीचं जोडा, तेही पेटंट ऑफिसातल्या सुनावणीलाच, अपिलाची वाट न बघता.