पाच रुपयांची पावती, पन्नास लाखांचा विमा

(दृश्य : मेन रोड, सकाळ. दुकानांची शटर वर जात आहेत.)

मार्च 2021 च्या अखेरीस, कोविडच्या साथीत, नाशिकच्या मुख्य बाजारपेठेत शिरण्यासाठी माणशी पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती, हे आज कोणाला सांगितले तर ती थट्टा वाटेल. पावती तासाभरासाठी चालत असे आणि त्याहून अधिक वेळ रेंगाळणाऱ्याला 500 रुपये दंड होता. योजना शहर पोलिसांची होती. बाजार पूर्ण बंद करायचा नसेल, तर निदान हौसेने फिरायला येणाऱ्याने तरी घरी थांबावे, असा तिच्यामागचा सरळ हिशेब होता. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत हात पोळलेल्या व्यापाऱ्याला बाजार उघडा राहणे महत्त्वाचे वाटत होते, तर ज्याच्या घरात कोणी रुग्णालयात होते त्याला एवढीशी अडवणूक अपुरी वाटत होती. आणि पावतीसाठी लागलेली रांग ही गर्दी नव्हे काय, हा प्रश्न तर कोणालाही सुचण्यासारखा होता. त्याच महिन्याच्या 26 ते 28 तारखांना शहरात भरायचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढे ढकलले गेले आणि डिसेंबरमध्ये आडगावला पार पडले. संमेलन पुढे ढकलता येते. रुग्णालयातली रात्रपाळी ढकलता येत नाही.

उघडे ठेवायचे की बंद, या वादात दोन्ही बाजू आरोग्य कर्मचाऱ्यांचे नाव आदराने घेत होत्या. बंदच्या बाजूचे लोक त्यांच्यावरील ताणाचा दाखला देत, आणि उघडे ठेवा म्हणणारे, खाटा वाढवा, माणसे वाढवा, असे सांगत. वॉर्डातील सिस्टरपुढचा प्रश्न मात्र वेगळाच होता. आज किती तास आत राहायचे, बाहेर आल्यावर घरी जायचे की नाही, आणि आपल्याला काही झालेच तर ते कामावर असताना झाले असे कोण लिहून देणार, हे तिला कळायला हवे होते. या तीन प्रश्नांची उत्तरे ठरत असताना तिला फारसे कोणी विचारले नाही.

(दृश्य : हातमोजे काढणारे हात, जवळून.)

संसर्गापासून बचावाचे पीपीई किट अंगावर चढवणे त्रासाचे असते, पण खरी जोखीम ते उतरवताना असते. पाच-सहा तास घामाने भिजलेला, पाणी न प्यायलेला आणि लघवीला न गेलेला माणूस पाळी संपताच घाई करू पाहतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याने घाई करायची नसते. बाहेरचे हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग चष्मा, आणि एन-95 मास्क सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर हात निर्जंतुक करायचे. मास्कच्या पुढच्या भागाला बोट लागू द्यायचे नाही, इलास्टिक मागून धरून काढायचे. नाकावर काळानिळा वळ उमटलेला असतो, तो खाजवण्याचा मोह आवरायचा. ही शिस्त दिवसाआड, महिनोन्महिने पाळणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आणि वॉर्डातले मामा आणि मावशीही होत्या, ज्यांचा उल्लेख टाळ्यांच्या यादीतही शेवटी येत असे.

मे 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यानुसार योग्य किट वापरून काम केलेल्यांना ड्युटीनंतर सरसकट विलगीकरणात ठेवण्याची गरज उरली नाही. किट नीट असेल तर धोका कमी, हे तर्काला धरून होते. मात्र किट फाटले होते की नाही आणि चष्मा घसरला होता की नाही, हे ठरवायचे कोणी, आणि दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे व लहान मूल असताना परत जायचे कुठे, याला त्या कागदात जागा नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 17 जून 2020 रोजी न्यायालयाने डॉक्टरांचे वेतन व त्यांच्या विलगीकरणाची सोय याबाबत केंद्राला आदेश काढायला सांगितले. वेतन वेळेवर मिळावे यासाठीही न्यायालय गाठावे लागले, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत विचारणा झाली तेव्हा, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसर्गाने मृत्यू पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही, असे उत्तर आले. इंडियन मेडिकल असोसिएशनने मग आपली यादी जाहीर केली. तिच्यात 382 डॉक्टरांची नावे होती. परिचारिकांची, प्रयोगशाळेत नमुने हाताळणाऱ्यांची आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांची गणती त्या यादीत अर्थातच नव्हती.

(दृश्य : द्वारका परिसर. पांढऱ्या धुक्याची वृत्तछायाचित्रे.)

22 एप्रिल 2020 रोजी केंद्राने 1897 च्या साथरोग कायद्यात अध्यादेशाद्वारे दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ला अजामीनपात्र ठरला. शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असल्यास सात वर्षांपर्यंत. त्या अध्यादेशाला वर्ष व्हायला एक दिवस उरला असताना, 21 एप्रिल 2021 रोजी, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनची टाकी भरली जात असताना गळती झाली. उणे 183 अंशांचे ते द्रव बाहेर पडताच हवेतील बाष्प गोठून आवार पांढरे झाले, आणि आत, व्हेंटिलेटरवरील व ऑक्सिजनवरील रुग्णांच्या नळ्यांतील दाब उतरत गेला. त्या दिवशी 22 रुग्ण दगावल्याचे जाहीर झाले आणि पुढे हा आकडा वाढला. टाकीची जोडणी वॉर्डातील परिचारिकेच्या हातात नव्हती, पण नातेवाईकांच्या समोर त्या क्षणी तीच उभी होती. रुग्ण आणि नातेवाईक अशा दोन्ही बाजूंच्या आकांताला तोंड देणे हेही तिच्या कामात धरले गेले, आणि अशा कामाची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

मे महिन्यात नाशिकरोडच्या नव्या बिटको रुग्णालयाचे काचेचे दार फोडून एक मोटार थेट आत घुसवण्यात आली. अध्यादेशाचे तोवर संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात रूपांतर झालेले होते. कडक शिक्षेचा धाक दारावर आदळणाऱ्या मोटारीपर्यंत वेळेत पोहोचत नाही, आणि आमच्या मते या कायद्याची खरी उणीव इथेच होती: त्याने गुन्ह्यानंतरचे सर्व काही ठरवले, दारावर माणूस किती आणि कोण असावा हे ठरवले नाही.

(दृश्य : सातपूरची कामगार वस्ती. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर घेतलेली आशाताई.)

रुग्णालयाबाहेरही एक दार होते. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी जात होत्या. ऑक्सिमीटर एकच, बोटे शेकडो. प्रत्येक वेळी तो पुसायचा. मालेगावसारख्या दाट वस्तीच्या यंत्रमाग गावात तर, माहिती विचारणारा हा माणूस नक्की कशासाठी आला आहे, ही शंका आधी दूर करावी लागे. आशांना पगार नसतो, मोबदला असतो, आणि साथीच्या कामासाठी केंद्राने महिना एक हजार रुपये जोडले होते. 15 जून 2021 पासून राज्यातील आशा संपावर गेल्या. साथ सुरू असताना संप करावा का, यावर बरीच नाराजी व्यक्त झाली. आठवडाभराने तडजोड झाली ती महिना 1,500 रुपयांच्या वाढीवर, त्यातले 500 रुपये कोविड भत्त्याचे. हा भत्ता म्हणजे दिवसाला सतरा रुपयेही नव्हेत.

(दृश्य : सिडकोतील लहान दवाखाना. टेबलावर उघडी वही.)

30 मार्च 2020 पासून केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाख रुपयांचे विमा संरक्षण लागू केले. आशा त्यात होत्या, कंत्राटी कर्मचारीही होते. खासगी डॉक्टर मात्र सरकारने त्याची सेवा अधिग्रहित केली, म्हणजे आदेशाने आपल्या कामाला लावली असेल तरच पात्र होता. इकडे दवाखाने बंद ठेवल्यास कारवाई होईल, अशा नोटिसा निघत होत्या. नवी मुंबईतील अशाच एका डॉक्टरच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीचा दावा नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये तो नकार कायम केला, आणि डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निष्कर्ष रद्द ठरवून, त्या काळातील कायदे व आदेश पाहता सेवा अधिग्रहित झालीच होती, असे म्हटले. मृत्यू कोविडचे काम करताना झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र दावा करणाऱ्यावर राहिली.

नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटीतल्या गल्लीबोळांतील दवाखान्यांत त्या काळी पुरावा म्हणजे टेबलावरची दोनशे पानी वही असे: तारीख, नाव, वय, ताप, खोकला, तीन दिवसांच्या गोळ्या. वही भरली की नवी सुरू व्हायची, आणि जुनी वर्षभर माळ्यावर राहून दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जायची.