पोटखराबाची वही

[दृश्य : धुक्यातला सडा. दूरवर एक इरलं, जमिनीला टेकलेलं, न हलणारं.]

हे इरलं कुणी सड्यावर विसरून गेलेलं नाही. त्याच्याखाली माझी आत्या पालथी पडली आहे. पोटाखाली खताचं रिकामं पोतं, समोर ड्रॉइंगची वही, हातात पेन्सिल. पाऊण तास झाला, ती एकाच फुलासमोर आहे.

राजापूर तालुक्यातला हा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. ऑगस्टचा तिसरा आठवडा, म्हणजे आत्याच्या भाषेत मघा. तिच्या वहीत ऑगस्ट हा शब्द तुम्हाला सापडणार नाही.

[दृश्य : वहीची पानं उलटताना. शीर्षकं : रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू.]

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ही वही सुरू झाली. जानेवारीत सुरू करायला तिने साफ नकार दिला. जानेवारीत कातळावर असतं काय? म्हणून पहिलं पान रोहिणीचं. तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदललं की नवं पान. डावीकडे मजकूर, उजवीकडे चित्र. मजकूर तारेसारखा तुटक : वाहन बेडूक. पाऊस तिसऱ्या दिवशी. पावशा गप्प. एवढंच. स्वाती संपली की नक्षत्रं सोडून ती मराठी महिन्यांवर येते, कारण पुढे पाऊस नाही आणि तिच्या मते घाईही नाही.

[दृश्य : अगदी जवळून, पेन्सिलचं टोक आणि निळसर जांभळं फूल.]

हे फूल सीतेची आसवं. त्याला मूळ नाही. मातीखाली मोहरीहून बारीक पिशव्या आहेत. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी केसाला लागला, की पाण्यासकट आत ओढला जातो. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र फारच कमी, म्हणून ही सोय. शेजारचं दवबिंदू हेच काम उघड्यावर करतं, चिकट केसांनी. आत्याने त्याच्या चित्रात अडकलेलं चिलटही काढलं आहे, पंखासकट.

आता चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात बघा. प्रत्येक पानावर तांदळाचा एक दाणा आहे. नक्षी म्हणून नाही, ते तिचं माप आहे. फूल खऱ्या आकाराचं काढायचं, शेजारी दाणा काढायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे किती लहान आहे. फूटपट्टीचे आकडे लिहून का नाही भागत, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, मिलिमीटर कुणी हातात धरलाय? दाणा सगळ्यांनी धरलाय.

गेंद नावाच्या फुलझाडाचं डोकं एका दाण्याएवढं. सीतेची आसवं दोनेक दाण्यांची. तेरड्याला तिने चार दाणे लावले आहेत, ओळीने.

[दृश्य : रात्र. चुलीपासून हातभर अंतरावर पाट, पाटावर उघडी वही.]

सड्यावर फक्त पेन्सिल. फूल तोडायचं नाही, हा तिचा नियम, त्यामुळे रंगाची नोंद जागेवर शब्दांत करावी लागते. जिभेवर निळा, कडेला जांभळी झाक, मध्ये पांढरा. रंगकाम घरी, रात्री. पेटीतला अल्ट्रामरीन घ्यायचा, त्यात बोटाच्या टोकाएवढा क्रिमसन लेक. जास्त झालं तर वांगं होतं, असं ती सांगते, आणि वहीत दोन-तीन वांगी आहेतही.

खरी अडचण रंगाची नाही, सुकण्याची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कागद पापडासारखा सादळतो. ब्रश टेकवला की रंग पसरत जातो. मग चूल. जवळ ठेवलं तर पान वाकतं, लांब ठेवलं तर बुरशी. हातभर अंतर तिने दोन वह्या घालवून शोधलं. पावसाळ्यातली सगळी पानं म्हणूनच अशी पिवळट दिसतात, आणि नाकाशी धरली तर अजून धूर येतो. कसर लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा पाला.

[दृश्य : ड्रोन. हिरवा सडा, मध्ये पाण्याने भरलेल्या रेषा. रेषांमधून हळूहळू मासा दिसू लागतो.]

हे कातळशिल्प. काशेळी, देवीहसोळ, बारसू, याच तालुक्यातली ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या सड्यावरचा हा मासा कुठल्याच यादीत नाही. आत्याच्या वहीत आहे, पूर्वा नक्षत्रात. शेपटीच्या खोबणीत पाणी साचतं आणि तिथे गेंद उगवतो. तिने मासा अर्धाच काढला. गेंद मात्र मोजून काढले आहेत.

[दृश्य : पिवळं पडलेलं गवत. कापून आडवं पडलेलं भात.]

स्वाती. घाटावर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. आमच्याकडे तेव्हा भात कापून खाचरात पडलेलं असतं, त्यामुळे मोत्यांचं कौतुक आम्हाला जरा कमीच. या पानावर चित्र नाही. आत्या कापणीला गेली होती.

थंडीची पानं आहेत, आपण पुढे जाऊ.

[दृश्य : फाल्गुन. काळा कातळ, कडेला फुललेला पांगारा. काठीने दगड उलटणारा हात.]

दगड हाताने उलटायचा नाही. खाली फुरसं असू शकतं. वहीत फुरशाची दोन चित्रं आहेत, आणि दोन्हींच्या रेषा अंमळ घाईच्या आहेत.

आणि ही टिटवीची अंडी. चार, टोकं आतल्या बाजूला. कॅमेरामनला दाखवल्यावरही ती सापडेनात. आत्याने रंग जुळवायला कातळाचाच कपचा घरी आणला होता.

[दृश्य : सातबाऱ्याचा उतारा. बोट एका रकान्यावर थांबतं.]

या जागेला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणतात. पिकत नाही, म्हणून खराब. वहीच्या एका वर्षात इथे एकतीस फुलझाडांची चित्रं आहेत. त्यांतली कोकण दीपकाडी पहिल्या पावसात कातळाच्या भेगेतून पांढरी वर येते, आणि कोकण-गोव्याच्या कातळांपलीकडे तिला घर नाही.

रस्त्याकडच्या बाजूला गेल्या वर्षी कुंपण पडलं, सुरुंगाने खड्डे झाले, ट्रकने लाल माती आली, हापूसची कलमं लागली.

[दृश्य : कुंपणाची तार, तारेवर चंडोल. दहा सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य : मे महिना. ओटी. आत्या नवी वही उघडते.]

नव्या वहीची तयारी ती वळवाच्या आधीच करते. डाव्या पानांवर नक्षत्रांची नावं आधीच लिहून ठेवायची : रोहिणी, मृग, आर्द्रा. उजव्या पानांवर, चित्र काय येईल हे माहीत नसताना, खालच्या कोपऱ्यात एकेक दाणा. त्यासाठी डब्यातला खरा तांदूळ समोर ठेवते. तुकडा निघाला तर बाजूला काढून दुसरा घेते.

मृगाचं पान दरवर्षी दीपकाडीचं असतं. ती उगवायची ते कुंपणाच्या आत. आत्या त्या पानावर आली, थोडी थांबली, चष्मा पुसला. मग दाणा काढला.