ठसका न देणारा धूर

[दृश्य: नागपूर, कळमना बाजार. मिरची यार्डातले लाल ढीग, देठं खुडणाऱ्या बायका.]

कळमन्याच्या मिरची यार्डात पहिल्यांदा शिरलेला माणूस दहा पावलांत ओळखू येतो. त्याला ठसका लागतो. देठं खुडणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून हसतात आणि आपला दुपट्टा नाकावर आणखी घट्ट ओढतात. मिरची कोणाला फसवत नाही. तिच्यातलं कॅप्सेसिन श्वासमार्गातल्या मज्जातंतूंना डिवचतं, शरीर खोकून ते बाहेर फेकतं. मोकळ्यावर आलं की थोड्या वेळात माणूस ठीक.

पण सगळीच हवा मिरचीसारखी इमानदार नसते.

[दृश्य: जानेवारीची पहाट. धुक्यावर डोकावणारी कोराडीची धुराडी. मैदानात धावणारी मुलं.]

नागपूरच्या उत्तरेला कोराडी. तिथल्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच, आणि जवळच खापरखेड्याचं वीज केंद्र. आपल्या कोळशात गंधक थोडंच, पण कोळसा जळतो तो रोज हजारो टन. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून निवांत बसलेल्या माणसाच्या नाकातल्या ओलाव्यातच तो बराचसा अडतो. धावणारं पोट्टं मात्र तोंडानं श्वास घेतं, आणि वायू थेट खाली उतरतो. धडधाकट माणसाला ज्याचा पत्ताही लागणार नाही, तेवढ्यानं दमेकऱ्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतात. पीटीच्या तासाला मागे राहणाऱ्या पोराला आपण बिनदिक्कत आळशी म्हणतो.

या वायूसाठी कडक मर्यादा २०१५ मध्ये ठरल्या. मुदती वाढत गेल्या. २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा प्रकल्पांना तो धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली.

[दृश्य: अमरावती रोड, वाडी. ट्रकांची रांग. रस्त्याकडेला फुललेलं गाजरगवत.]

आता हे गवत बघा. पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर छातीएवढं वाढतं. शिंका आल्या, डोळे चुरचुरले की आपण यालाच शिव्या घालतो. पण गवताच्या आणि आपल्या भांडणात काडी लावणारा तिसराच कोणीतरी असतो.

रॅगवीड हे अमेरिकेतलं तण, आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं. त्याची ॲलर्जी असलेल्या लोकांवर लॉस एंजेलिसमध्ये एक प्रयोग झाला, १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नाकात एकदा नुसता रॅगवीडचा अर्क सोडला, एकदा अर्काबरोबर डिझेलच्या धुराचे कण. दोन्ही एकत्र गेले तेव्हा त्या तणाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे ॲलर्जी पेटवणारी प्रथिनं, कितीतरी पटींनी जास्त तयार झाली. अर्क तोच, माणूसही तोच.

होतं ते असं. धुराचे कण श्वासमार्गाच्या अस्तराला जखमी करतात. जखमी पेशी रासायनिक निरोप धाडतात, 'हल्ला झाला!' आणि नेमका त्या वेळी समोर असतो बिचारा परागकण. प्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू ठरवते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. दमा म्हणजे नुसता दम लागणं नाही, तो ही सूज आहे. धाप थांबली तरी सूज आत राहते.

म्हणूनच रोजचा पंप, म्हणजे इनहेलर. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, ते थेट सुजेवर पडतं. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य नागपुरात इतक्या घरी ऐकलं, की आता आम्ही वाद घालणं सोडून दिलंय. चष्म्याची लागते तेवढीच याचीही लागते.

[दृश्य: मे महिना, दुपार. व्हरायटी चौक. चेहरे गुंडाळलेले दुचाकीस्वार.]

पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ओझोन तयार होतो. तो कुठल्या धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोलसारख्या पदार्थांच्या वाफा कडक उन्हात एकमेकांशी भिडतात, त्यातून तो जन्मतो. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकात न अडता खोल जातो आणि अस्तर पोळतो. दुपट्टा ऊन अडवतो, धूळही थोडी अडवतो. वायू नाही. एन-९५ मास्कसुद्धा कणच अडवतो.

थंडीत उलटं. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे धूर वर जाईचना. त्यात चौकाचौकात शेकोट्या, आणि लाकडं संपली की टायर. घरात खिडक्या लावून डासांची कॉइल.

[दृश्य: पुन्हा कळमना. संध्याकाळ.]

यार्डातलं काम संपलंय. बायका बाहेर पडतात. फाटकापाशी भरलेले ट्रक निघण्याच्या तयारीत, इंजिनं सुरूच. त्यातली एक जण थांबते, दिवसभर नाकावर बांधलेला दुपट्टा सोडते, झटकते.

"हुश्श! आता मोकळं वाटलं बापा," म्हणते, आणि दोन ट्रकांच्या मधून छाती भरून श्वास घेते.