वकीलबाई : सुषमा स्वराज

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. बेड्यांचा हात उंचावलेले जॉर्ज फर्नांडिस]

हा फोटो आणीबाणीतला. मुंबईकरांना जॉर्जची ओळख करून द्यायला नको. गोदी कामगारांचा, टॅक्सीवाल्यांचा पुढारी, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा. १९७६ मध्ये तो बडोदा डायनामाइट खटल्यातला आरोपी होता, आरोप सरकार उलथवण्याच्या कटाचा. अशा माणसाचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे आपलंही नाव पोलिसांच्या वहीत जाणार.

फोटोत दिसत नाही, पण त्याच्या बचावाच्या वकिलांत चोविशीतली एक मुलगी होती.

[दृश्य : अंबाला छावणीतले रस्ते, सर्वोच्च न्यायालयाची इमारत]

जन्म अंबाल्याचा, १४ फेब्रुवारी १९५२. कायद्याचं शिक्षण चंदीगडला. १९७३ पासून सर्वोच्च न्यायालयात वकिली. आणीबाणी लागून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १३ जुलै १९७५ रोजी, वकील स्वराज कौशल यांच्याशी लग्न. या खटल्यात नवराबायको दोघंही जॉर्जच्या बाजूनं.

१९७७ ची निवडणूक जॉर्जनी मुझफ्फरपूरमधून तुरुंगातूनच लढवली. हाच बेड्यांचा फोटो गावोगाव फिरला. अंबाल्याची वकीलबाई बिहारात घोषणा देत होती, ‘जेल का फाटक टूटेगा, जॉर्ज हमारा छूटेगा!’ जॉर्ज निवडून आले. पुढे खटलाही मागे घेतला गेला. त्याच वर्षी सुषमाजी हरियाणात आमदार झाल्या आणि देवीलाल सरकारात मंत्री. वय पंचवीस.

[दृश्य : बेल्लारी, १९९९. प्रचारसभा]

मधली वर्षं भराभर. १९९८ मध्ये जेमतेम दोन महिने दिल्लीचं मुख्यमंत्रिपद. १९९९ मध्ये बेल्लारीत सोनिया गांधींसमोर. त्या लढतीसाठी कन्नड शिकल्या, कन्नडमधून सभा गाजवल्या, छप्पन्न हजार मतांनी हरल्या. पुढे २००९ ते २०१४ लोकसभेत विरोधी पक्षनेत्या.

[दृश्य : शपथविधी, २६ मे २०१४]

इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदासोबत परराष्ट्र खातं काही काळ सांभाळलं होतं. त्या खात्याची पूर्णवेळ मंत्री झालेली पहिली बाई मात्र हीच. ट्विटरवरून केलेली मदत, अडकलेले पासपोर्ट, हे सगळं लोकांना पाठ आहे, म्हणून इथे पुन्हा दाखवत नाही. आयपीएलचे माजी प्रमुख ललित मोदी यांच्या प्रवासाच्या कागदपत्रांवरून राजीनाम्याची मागणी झाली, तिला त्यांनी लोकसभेत उत्तर दिलं. इराकमधल्या मोसुलच्या ३९ भारतीयांच्या मृत्यूची बातमी त्यांनीच २०१८ मध्ये राज्यसभेत दिली.

[दृश्य : इस्लामाबाद, २५ डिसेंबर २०१७. काचेपलीकडे कुलभूषण जाधव]

जाधव हे माजी नौदल अधिकारी, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्ताननं त्यांना फाशी सुनावलेली. भेटीत मधे काच, बोलायचं इंटरकॉमवरून. आत जाण्यापूर्वी आई आणि पत्नी, दोघींचीही मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या उतरवून घेतल्या होत्या. आई कायम साडीतल्या, त्यांना सलवार-कुर्ता घालायला लावला. मोकळ्या गळ्याची आई बघून मुलाचा पहिला प्रश्न, बाबा कसे आहेत? आई मराठीत बोलू लागल्या, तर अधिकाऱ्यांनी वारंवार अडवलं आणि मग इंटरकॉमच बंद केला.

[दृश्य : राज्यसभा, २८ डिसेंबर २०१७]

हे आपल्याला कळलं ते सुषमाजींच्या या निवेदनातून. बोलण्याची पद्धत बघा, कोर्टात साक्ष नोंदवावी तशी एकेक गोष्ट क्रमानं. पत्नीचे बूट पाकिस्ताननं ठेवून घेतले होते. त्यात काहीतरी यंत्र दडवलंय, असं त्यांचं म्हणणं. सुषमाजींचा सवाल असा, की त्या दोन विमानांनी तिथवर पोचल्या, दोन्हीकडे सुरक्षा तपासणी झाली, तिथे का नाही सापडलं? हा उलटतपासणीचाच प्रश्न.

[दृश्य : हेग, आंतरराष्ट्रीय न्यायालय]

मे २०१७ मध्ये भारत इथे आला तो जाधवांची फाशी थांबवायला. भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही, म्हणजे व्हिएन्ना कराराचा भंग झाला, एवढ्या एका मुद्द्यावर खटला उभा होता. वकील नागपूरचे हरीश साळवे, फी एक रुपया. १७ जुलै २०१९ ला निकाल भारताच्या बाजूनं लागला, पंधरा विरुद्ध एक. सुटकेची मागणी मात्र न्यायालयानं मान्य केली नाही.

६ ऑगस्टच्या रात्री सुषमाजींनी साळवेंना फोनवर सांगितलं, उद्या या आणि तुमचा रुपया घेऊन जा. त्याच रात्री त्या गेल्या. सप्टेंबरमध्ये मुलीनं, बांसुरीनं, तो रुपया साळवेंच्या हातात ठेवला. तीही वकील.

जाधव अजून पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत.