दोरीवरचे फोटो

[दृश्य: अंधार. लोखंडी शटर वर जाण्याचा खडखडाट. उजेडाची पट्टी फरशीवरून सरकत आत येते. समोरच्या भिंतीवर जुना रंगवलेला पडदा: जिना, दोन खांब, मागे तळं आणि हंस.]

निवेदन:

मिरज. रविवार, सकाळचे साडेसात. हा बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. या पडद्यासमोर गावातल्या कितीतरी जोडप्यांनी लग्नानंतरचा पहिला फोटो काढला. मुलींचे स्थळाला पाठवायचे फोटोही इथंच निघाले, हात त्याच खोट्या खांबावर ठेवून. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. आता हे शटर आठवड्यातून एकदाच वर जातं, आमच्यासाठी.

आम्ही अकरा जण आहोत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, हळदीच्या अडतीवरचे दिवाणजी, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, कॉलेजची दोन पोरं, स्टुडिओचे मालक म्हणजे आमचे सर, आणि असेच बाकीचे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आठवडाभर मायक्रोस्कोपमधून दुसऱ्यांचं रक्त बघते. रविवारी दुसऱ्यांना माझं काम बघू देते. हे जास्त अवघड आहे.

[दृश्य: भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनची दोरी. कपड्यांचे चिमटे. एकेक प्रिंट लटकत जाते.]

दर आठवड्याला एक विषय. त्याच आठवड्यात काढलेला एकच फोटो. कॅमेऱ्यानं काढा नाहीतर मोबाईलनं, पण चार बाय सहाची प्रिंट आणायची. मागे पेन्सिलीनं आकडा, नाव नाही. तसं ते लपत नाहीच म्हणा. दिवाणजींच्या फोटोत जमीन कायम डावीकडं उतरलेली असते, त्यावरून ते लगेच सापडतात.

खरा जाचक नियम पुढचा आहे. ज्याचा फोटो, त्यानं बाकी दहा जणांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिले दोन महिने मी जीभ चावून बसायचे. सांगायचं खूप असायचं: त्या आजी किती गोड होत्या, पाऊस कसा अचानक आला, मी किती वेळ थांबले होते. दोरीवर लटकलेल्या कागदात यातलं काहीच नसायचं.

[दृश्य: बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत दहाच्या नोटा आणि नाणी.]

आणि हा डबा. ‘छान’ म्हटलं की दहा रुपये. ‘मस्त’, ‘भारी’, ‘अप्रतिम’ यांनाही तोच दर. ‘कमाल’ला एकदा सूट मागितली होती, मिळाली नाही. बोलायचं असेल तर तीन गोष्टी बोलायच्या. डोळा आधी कुठं गेला, कुठं अडकला, आणि काय नसतं तर चाललं असतं. डब्यातल्या पैशांचे वडे येतात. सुरुवातीला वडे भरपूर यायचे.

आपण काही नवीन करतोय, असं आम्हाला वाटलं होतं. सरांनी ते लगेच उतरवलं. फ्रान्समध्ये फोटोग्राफीची रीत जाहीर झाली 1839 साली, आणि मुंबईत हौशी फोटोग्राफरांची संस्था उभी राहिली 1854 साली. पंधरा वर्षांत. डॉ. भाऊ दाजी लाड त्या संस्थेत होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. दोघंही डॉक्टर. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

[दृश्य: फिल्मच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी. लहान बोटं आतून घडी घातलेली चिठ्ठी काढतात.]

विषय या डबीतून निघतो. चिठ्ठ्या सगळ्यांनी मिळून टाकलेल्या. सोपा विषय फार फसवतो. ‘पिवळा’ निघाला तेव्हा दोरीवर अकरा फोटो होते आणि त्यातल्या आठांत हळद होती. ढीग, पोती, हळदीनं माखलेले हमालांचे पाय, पुन्हा ढीग. सांगलीची हळद म्हणजे आमची ओळख, ते ठीक आहे. पण आठ फोटो ओळीनं बघताना आपण एकाच दुकानाचं कॅलेंडर चाळतोय असं वाटत होतं. त्यातला एक माझा होता. गंमत म्हणजे दिवाणजींनी हळद काढलीच नव्हती. दिवसभर तेच बघतात बिचारे. त्यांनी काढला होता नातीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावरचा, धुऊनही न गेलेला फिकट डाग, हळदीच्या दुधाचा. जमीन अर्थातच डावीकडं उतरलेली.

मग ‘रेघ’.

[दृश्य: विजेच्या तारा, रेल्वेचे रूळ, झेब्रा क्रॉसिंग. एकापाठोपाठ एक प्रिंट. शेवटच्या प्रिंटवर कॅमेरा थांबतो.]

मिरज जंक्शन आहे, त्यामुळं रूळ येणार हे नक्की होतं. एके काळी इथं ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र यायचे. त्या आठवड्यात ते सगळे रूळ आमच्या दोरीवर आले असावेत.

शेवटचा फोटो सात नंबरचा. स्वयंपाकघराची भिंत. खाली ओटा, मिठाची बरणी. वर भिंतीवर आडवी तपकिरी रेघ, इस्त्री केल्यासारखी सरळ. रेघेच्या खालचा रंग वेगळा, वरचा वेगळा. रेघेच्या वर, अगदी वर, देवाचा फोटो.

कुणी काही बोललं नाही. डोळा आधी कुठं गेला हे सांगायची गरज नव्हती. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. ते बारा फूट कुणाच्या घरात किती आले, हे ज्याचं त्याला माहीत. कंडक्टर काका सांगलीला नदीकडच्या भागात राहतात. नंतर घराला दोनदा रंग दिला म्हणे, तेवढी एक भिंत सोडून.

कॉलेजमधला एक जण हळूच म्हणाला, “बरणी नसती तर चाललं असतं.” ताई म्हणाल्या, “बरणी पाहिजे. बरणीमुळं कळतंय पाणी किती वर होतं ते.” काका नियमाप्रमाणं गप्प बसून होते. सगळ्यांचं झाल्यावरही काही बोलले नाहीत.

[दृश्य: सतारमेकर गल्ली. दुकानाच्या दारात वाळत टांगलेले मोठे भोपळे. आत लाकडाचा भुसा, ओळीनं उभ्या तंबोऱ्यांच्या दांड्या.]

माझी फजिती झाली ती ‘आवाज’ला.

चिठ्ठी निघाली तेव्हा मी मनातल्या मनात हसले. मिरजेत आवाज शोधायला लांब कशाला जायचं? शस्त्रांना धार लावणारी इथली शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सतारी-तंबोऱ्यांकडं वळली. त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. इथले तंबोरे देशभरच्या गवयांकडं जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हटलं, गल्लीत शिरायचं, फोटो घेऊन बाहेर पडायचं.

एका दुकानात चाचा जवारी काढत बसले होते. जवारी म्हणजे काय ते जवळून बघण्यासारखं आहे.

[दृश्य: अगदी जवळून. भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी तबलीवर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी. तिच्यावरून गेलेल्या चार तारा. कानस. पांढरा दोरा.]

तंबोऱ्याच्या तारा या घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो आणि थरथरणारी तार त्या उताराला घासत राहते. त्या घासण्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज निघतो, तीच जवारी. उतार जरा चुकला की तार एकतर मुकी होते नाहीतर करकरते. म्हणून चाचा कानशीनं एक हात मारतात, तार छेडतात, ऐकतात. पुन्हा एक हात. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, पुढं-मागं, केसाएवढा. एका जागी तंबोरा एकदम उघडतो. हे मोजायला यंत्र नाही. “कान पाहिजे ताई,” चाचा म्हणाले. मागे एक पोरगा खुंटी घासत होता, त्यांचा पुतण्या. त्याच्याकडं मानेनं खूण करून पुढं म्हणाले, “ह्याचा हात चांगला आहे. कान नाही अजून.”

मी हातांचे फोटो काढले. साठेक तरी. कानस, बोटं, तार. त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडला आणि रविवारी चिमट्याला लावला.

[दृश्य: दोरीवरचा तो फोटो. बोटं, कानस, तार, सगळं लख्ख.]

ताई पहिल्या बोलल्या. “मला शिलाई मशीनवाल्याकडं दुरुस्तीला गेल्यासारखं वाटतंय. ऐकू काही येत नाही बघा.”

दिवाणजी म्हणाले, “काम दिसतंय.” सर म्हणाले, “तार 1/500 सेकंदावर गोठवलीय. ती हलतच नाही, तर वाजणार कुठून?” मी तोंड मिटून बसले होते. कानशीनंतरची ती तार काय सुंदर वाजली होती, हे सांगायला जीभ वळवळत होती.

त्याच रविवारी कॉलेजच्या पोराचा फोटो सगळ्यांच्या तोंडी होता. मोबाईलवर काढलेल्या गिटारच्या तारा, आणि त्या चक्क लाटांसारख्या वळवळलेल्या. आवाज दिसत होता! डब्यात एका मिनिटात चाळीस रुपये पडले. मग सरांनी पाणी ओतलं. मोबाईलचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळ-ओळ वाचत जातो. तेवढ्यात तार जागा बदलते, म्हणून ती वाकडी उमटते. तार अशी कधीच हलत नाही. कंडक्टर काका चिडले. “खोटी का असेना, दिसली की!” यावर वडे थंड होईपर्यंत वाद झाला. मी सरांच्या बाजूनं होते. अजूनही आहे.

पण त्या दिवशीचा माझ्यासाठी खरा फोटो वेगळाच होता. नंबर तीन.

[दृश्य: प्रिंट. गॅसवर कुकर. सांडशीनं किंचित उचलून धरलेली शिट्टी, वाफेची बारीक रेघ. मागे दारातून दिसणारा पाळणा, त्यातून बाहेर आलेलं बाळाचं पाऊल.]

ताईंचा. शिट्टी होऊ नये म्हणून धरलेली शिट्टी. त्या फोटोपुढं मी बराच वेळ उभी राहिले. मी आवाज करणारी वस्तू शोधत गेले होते. ताईंनी आवाजाला घाबरणारा हात शोधला होता.

[दृश्य: पुन्हा सतारमेकर गल्ली. संध्याकाळ. दारातून तिरका उजेड.]

ज्या महिन्यात पाचवा रविवार येतो, तो आमच्याकडं परतीचा असतो. हुकलेला एक विषय पुन्हा काढायची मुभा. मी चाचांकडं परत गेले. या वेळी कॅमेरा बराच वेळ मांडीवरच होता. चाचांनी कानस मारली की मी हात बघायचे, तार छेडली की तोंड. तार वाजली की ते कुठंच बघत नाहीत. डोळे उघडे असतात, पण नजर विझल्यासारखी होते. मान जरा डावीकडं झुकते, खालचा ओठ आत जातो. दीड-दोन सेकंद. मग परत कानस.

आत उजेड कमी होता. 50 एमएमची लेन्स पूर्ण उघडी टाकून, शटर 1/60 वर आणलं. एवढ्यात माणूस स्थिर येतो, तार मात्र पुसट होते. आठच फोटो काढले.

[दृश्य: दोरीवरची प्रिंट. चाचांचा चेहरा. खाली तारेच्या जागी धुरासारखी पट्टी.]

परतीच्या रविवारी ताईंनी फोटो चिमट्यातून काढून दाराशी उजेडात नेला. मला वाटलं, आता पुन्हा शिलाई मशीन. त्या म्हणाल्या, “डोळा आधी म्हाताऱ्यांवर गेला. पण अडकला मागं. ह्या पोरावर.”

कुठला पोरगा? मी जवळ जाऊन बघितलं. मागे, अंधारात, पुसटसा, पुतण्या होता. हातातली कानस खुंटीपासून वितभर वर, तशीच अधांतरी. मान डावीकडं झुकलेली. तेवढीच, चाचांच्याइतकीच.

काढताना मला तो दिसलाच नव्हता. प्रिंट आणतानाही नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर सर माझ्याकडं वळून म्हणाले, “बोला आता.” माझ्याकडं बोलायला काही नव्हतं.

[दृश्य: दुकान. चाचा चष्मा लावून प्रिंट हातात धरतात. मागे कानशीची खरखर.]

फोटो चाचांना नेऊन दिला. स्वतःचा चेहरा त्यांनी गिऱ्हाइकाचा तंबोरा तपासावा तसा तपासला. म्हणाले, “इथं लागला नव्हता सूर. अजून दोन हात पाहिजे होते.” मग अंगठा मागच्या अंधारावर गेला आणि तिथंच राहिला.

“ए,” त्यांनी मागे न बघता हाक मारली. “ती खुंटी ठेव. इकडं बस.”

[दृश्य: चटईवर सरकून केलेली जागा. पुतण्या बसतो. चाचा तार छेडतात. दोघं गप्प.]

तार विरली तसा पोरानं फोटो उचलला, उलटसुलट करून बघितला.

“छान आलाय की.”

सवयीनं माझा हात पुढं झाला. “दहा रुपये.”

[दृश्य: पुतण्या चाचांकडं बघतो. चाचा दोरा सरकवण्यात गुंतलेले. पडदा काळा. तंबोरा चालू.]