विकलेला वेळ आणि स्वतःचा वेळ

माणूस मुळात कष्टाळू की आळशी, हा वाद कधी संपत नाही, कारण दोन्ही बाजूंना हवी तितकी उदाहरणं सापडतात. त्यामुळे माणसाला काम आवडतं का, हा प्रश्न बाजूला ठेवून काम करताना माणूस नेमकं काय करतो, तिथून आपण सुरुवात करू.

कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये, ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, श्रमाचे तीन घटक सांगितले: हेतू धरून केलेली कृती, ज्यावर काम करायचं तो पदार्थ, आणि हत्यार. मधमाशीचं पोळं पाहून कित्येक वास्तुरचनाकारांनी लाजावं, असं तो म्हणतो. पण अगदी सुमार वास्तुरचनाकारसुद्धा इमारत बांधण्याआधी ती डोक्यात बांधतो. माणूस पदार्थ बदलतो आणि ते करता करता स्वतःही बदलतो. हाताला वळण लागतं, नजर तयार होते, नव्या गरजा जन्माला येतात. मनुष्यस्वभावाला इतिहास आहे तो या अर्थाने. म्हणून माणूस हवा तसा घडवता येतो, असं मात्र कुणी समजू नये. झोप, अन्न, विश्रांती, माणसांची सोबत यांच्या मर्यादा शरीराने घालून दिलेल्या आहेत, आणि कामाच्या तासांचा लढा मुख्यतः या मर्यादांवरच लढला गेला.

आता बेत एकाच्या डोक्यात आणि कृती दुसऱ्याच्या हातात, अशी फोड केली तर काय होतं? कारखान्यांतलं काम घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९११ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातला एक प्रयोग सांगितला आहे. बिडाचा ९२ पौंडांचा, म्हणजे जवळपास ४२ किलोंचा ठोकळा उचलायचा, फळीवरून चालत जायचं आणि मालगाडीच्या डब्यात टाकायचा. एक माणूस दिवसाला सरासरी साडेबारा टन भरत असे. टेलर ज्याला श्मिट म्हणतो त्या कामगाराकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले गेले, आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम पावणेचार पटींच्या वर गेलं, मजुरी साठेक टक्क्यांनी वाढली. आकडे टेलरचे स्वतःचे आहेत आणि पुढच्या संशोधकांनी त्यांच्यावर शंका घेतली आहे. पण त्यामागचं तत्त्व त्याने लपवलेलं नाही. देखरेख करणारा उचल म्हणाला की उचलायचं, चाल म्हणाला की चालायचं, बस म्हणाला की बसायचं, उलट उत्तर द्यायचं नाही. टेलरच्या हिशेबाप्रमाणे दिवसातला ४३ टक्के वेळच अंगावर ओझं असायला हवं होतं. म्हणजे श्मिटला विश्रांती भरपूर होती. ती कधी घ्यायची, हे मात्र त्याच्या हातात नव्हतं. श्रमातलं स्वातंत्र्य फक्त थकव्यावर मोजणाऱ्यांनी या तपशिलाचा नीट विचार करावा.

यावर नेहमीचं उत्तर असं: श्मिटवर कुणी जबरदस्ती केली नव्हती, त्याने मजुरी पाहून होकार दिला. या उत्तरात तथ्य आहे. वेठबिगारापेक्षा मजूर खरोखरच मोकळा असतो. मालक बदलायचा हक्क ही लहान गोष्ट नाही. मार्क्सही ते नाकारत नाही. तो एवढंच जोडतो की हा मजूर दोन अर्थांनी मोकळा आहे: आपली श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि ती स्वतःसाठी वापरायला लागणाऱ्या साधनांपासूनही मोकळा केलेला. पण करारातल्या स्वातंत्र्याची खरी कसोटी करार झाल्यावर लागते. विकलेला वेळ कुठे संपला आणि स्वतःचा कुठे सुरू झाला, हे विकणाऱ्याला सांगता येतं का?

इंग्लंडमधले गिरणी कायदे या एका प्रश्नाशी सतरा वर्षं झुंजत होते. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांचा दिवस पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ असा पंधरा तासांचा ठरवला. त्यात १३ ते १८ वयाच्या मुलांना जास्तीत जास्त बारा तास आणि ९ ते १३ वयाच्या बहुतेकांना आठ तास काम देता येत होतं. फट इथेच राहिली. एकूण तास ठरले, पण प्रत्येकाचे तास घड्याळात कुठून कुठे, हे ठरलं नाही. मालकांनी बदली टोळ्या सुरू केल्या. एका मुलाला सकाळी थोडा वेळ, मग दुपारी, मग पुन्हा संध्याकाळी बोलवायचं. तपासनीस आला तर कुणाचे किती तास भरले हे त्याला शोधताच येत नसे. १८४४ च्या कायद्याने प्रौढ स्त्रियांनाही बारा तासांचं संरक्षण दिलं, आणि फट बुजवण्यासाठी अगदी साध्या तरतुदी केल्या. पहिलं मूल सकाळी कामाला लागलं की सगळ्यांचे तास तिथपासून मोजायचे. गिरणीचं घड्याळ जवळच्या सार्वजनिक घड्याळाशी, उदाहरणार्थ रेल्वेच्या घड्याळाशी, जुळवायचं. काम कधी सुरू, कधी बंद, मधली सुट्टी कधी, हे ठळक अक्षरांत छापून लावायचं.

१८४७ च्या कायद्याने स्त्रिया आणि किशोरवयीनांसाठी दहा तास ठरले. ते १ मे १८४८ पासून लागू झाले. मालकांनी टोळ्यांची पद्धत पुन्हा आणली. काम दहाच तास, पण पंधरा तासांच्या दिवसात अर्ध्या-एक तासाच्या तुकड्यांत विखुरलेलं. उरलेले पाच तास कामगाराचे होते असं कागद म्हणत होता. पण अर्ध्या तासाच्या तुकड्यात ना झोप होते, ना घरी जाऊन येता येतं. फेब्रुवारी १८५० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या शब्दांत ही पद्धत रोखणारं काही नाही. त्याच वर्षी तडजोडीचा नवा कायदा झाला: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणासाठी दीड तास, पाच दिवस साडेदहा तास आणि शनिवारी साडेसात. आठवड्याचे तास ५८ वरून साठ झाले, पाच दिवसांचं काम रोज अर्ध्या तासाने वाढलं. तरीही मला हा कायदा मागच्यापेक्षा मोठा वाटतो, कारण संध्याकाळी सहानंतरचा वेळ सलग मिळाला, आणि तो आपला आहे हे कामगाराला कुणाला न विचारता कळू लागलं.

इथे वास्तवाचा प्रश्न येतो, आणि तत्त्वज्ञानातला हा सगळ्यात अवघड भाग आहे. जमीनदाराकडे वेठ करणारा कुळवाडी तीन दिवस स्वतःच्या शेतात आणि तीन दिवस मालकाच्या शेतात राबत असेल, तर बिनमोबदल्याचे श्रम कोणते हे त्याला डोळ्यांनी दिसतं. बांध ओलांडला की कळतं. मजुरीत तसं दिसत नाही. मार्क्सचं उदाहरण बारा तासांच्या दिवसाचं आहे. सहा तासांत मजुरीइतकं मूल्य तयार होतं, उरलेल्या सहा तासांत वरकड मूल्य, म्हणजे मालकाकडे जाणारं जास्तीचं मूल्य. पण मजुरी बाराही तासांची म्हणून हातात पडते. हे कुणी खोटं बोलल्यामुळे घडत नाही, कामगार अडाणी आहे म्हणूनही नाही. मजुरी देण्याच्या पद्धतीतच तो बांध पुसला जातो. वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमांवर ठरतं, हा श्रममूल्याचा सिद्धान्त बहुतेक अर्थशास्त्रज्ञ आज मानत नाहीत, आणि एखाद्या कारखान्यात ही सहा-सहा तासांची रेघ मारून दाखवणं कठीणच आहे. तरी त्यातला विचार टिकतो. काही गोष्टी आपल्याला जशा दिसतात, तसं त्यांचं दिसणंही व्यवहारच घडवतो. नुसता विचार बदलून ते दिसणं जात नाही. दुसरीकडे, ते दगडासारखं कायमचंही नसतं; छापील वेळापत्रक आणि रेल्वेचं घड्याळ यांनी एक बांध पुन्हा दिसायला लावला होता.

मग तास कमी केले की स्वातंत्र्य आलं का? मार्क्समध्येच याची दोन उत्तरं आहेत. १८४४ च्या हस्तलिखितांत, जी पूर्ण स्वरूपात १९३२ मध्ये छापली गेली, श्रम हीच माणसाची आत्मनिर्मिती आहे आणि परात्मता म्हणजे त्याच श्रमापासून तुटणं. १८९४ मध्ये मार्क्सचा सहकारी एंगल्स याने प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात मात्र खरं स्वातंत्र्य गरजेपोटी करायच्या श्रमांच्या पलीकडे सुरू होतं, आणि त्याची पूर्वअट कामाचा दिवस छोटा होणं. राजकीय विचारवंत हाना आरेन्टने १९५८ मध्ये हा मार्क्सच्या विचारातला मूलभूत अंतर्विरोध ठरवला. मला तो तेवढा मोठा वाटत नाही, कारण तिसऱ्या खंडातला तोच परिच्छेद गरजेच्या क्षेत्रातल्या स्वातंत्र्याबद्दलही बोलतो: उत्पादकांनी एकत्र येऊन निसर्गाशी चाललेला आपला व्यवहार विचारपूर्वक, आपल्या ताब्यात ठेवावा. श्मिटला सुट्टी वाढवून मिळाली असती तरी ही दुसरी बाजू रिकामीच राहिली असती.

आणि ती भरणं सोपं नाही. कामगारांनी स्वतः चालवलेल्या सहकारी कारखान्यांचं मार्क्सने कौतुक केलं, पण तिथे कामगार मिळून स्वतःचेच भांडवलदार होतात, असंही त्याच खंडात लिहिलं. कारण बाहेर स्पर्धा तीच असते. शेजारच्या कारखान्याने दिवस तासाभराने वाढवून माल स्वस्त केला की सभासदांच्या सभेपुढे तोच प्रस्ताव येतो, आणि बेत ठरवण्याचा हक्क असलेली माणसं आपल्या हाताने स्वतःचा दिवस लांबवण्याच्या बाजूने मत देतात. १८५० चा कायदा सगळ्या कापडगिरण्यांना एकाच वेळी लागू झाला, म्हणूनच तो एकेका गिरणीला पाळता आला.