नर पिल्लं खच्ची करायची की तशीच वाढवायची?

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा नाजूक आहे, पण डुकरं पाळणाऱ्या प्रत्येकासमोर येतोच. नर पिल्लं खच्ची का करता असं विचारलं की उत्तर ठरलेलं, मटणाला वास येतो. खरंय, येतो. पण सगळ्याच नरांना नाही आणि प्रत्येक वयात नाही.

या वासामागे दोन गोष्टी आहेत. एक अँड्रोस्टेनोन, ते अंडकोषात बनतं आणि नर वयात यायला लागला, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला, की वाढतं. दुसरं स्कॅटोल, ते आतड्यातले जिवाणू बनवतात, मादीतसुद्धा बनतं, पण वयात आलेल्या नराच्या लिव्हरला ते नीट बाहेर टाकता येत नाही. दोन्ही चरबीत साठतात, म्हणून मांस तापलं की वास सुटतो. आणि गंमत बघा, अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना येतच नाही, त्यामुळे स्वतः शिजवून चाखलं आणि आमचा माल चांगला म्हणून छातीठोक सांगितलं, असं करू नका.

आता हिशोब. खच्ची न केलेला नर कमी खाद्यात वजन धरतो, चरबीही कमी. खच्ची केलेला खातो जास्त आणि ते चरबीत घालवतो. म्हणून ब्रिटन, आयर्लंडमध्ये बहुतेक नर तसेच वाढवतात आणि हलक्या वजनालाच कापतात. तुम्हीही लवकर विकत असाल तर नुसती सवय म्हणून ब्लेड उचलू नका, असं माझं स्पष्ट मत. मात्र हे नर मारामारी करतात, एकमेकांवर चढतात, तेव्हा लहानपणापासूनचे ग्रुप मोडू नका आणि जमीन कोरडी ठेवा, शेणात लोळलं की स्कॅटोल वाढतं.

जड वजनापर्यंत न्यायचं असेल तर तिसरा रस्ता लसीचा, ती अंडकोषांचं काम थांबवते. दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, दुसरा कापायच्या चार ते सहा आठवडे आधी. ऑस्ट्रेलियात 1998 पासून आहे. दुसऱ्या डोसपर्यंत नराच्या वाढीचा फायदा मिळतो. फक्त सुई चुकून आपल्याला टोचली तर माणसाच्या प्रजननावरही परिणाम होऊ शकतो, गरोदर बाईने तर हातच लावू नये.

आणि खच्ची करायचंच ठरलं तर पहिल्या आठवड्यातच. युरोपात सात दिवसांनंतर भूल दिल्याशिवाय करायला बंदी आहे, ती उगाच नाही. आधी प्रत्येक पिल्लू उलटं धरून हर्निया बघा, फुगवटा दिसला तर ते पिल्लू बाजूला काढायचं आणि डॉक्टरांकडे द्यायचं.